चाळिशीनंतर बॅडमिंटन सुरू करताना: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पट्टी मानली जाते. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही. ‘नियमित व्यायाम लावून घ्या’ एवढेच सांगितले आणि कोणता व्यायाम ते माझ्यावर सोडले. तोवर मी दोन वेळा जिमची वर्षभराची फी भरून दुसऱ्या महिन्यात जाणे बंद केले होते, एकदा योगवर्गात नाव घालून पाहिले होते, आणि घरातल्या ट्रेडमिलवर टॉवेल वाळत घालण्याची पद्धत आमच्याकडे रूढ झाली होती. शाळेत मी कोणत्याही संघात नव्हते, खेळाच्या तासाला वहीचे कव्हर घालत बसणाऱ्यांपैकी होते. आज चार वर्षे झाली, मी पुण्यात आठवड्यातून तीन सकाळी बॅडमिंटन खेळते आहे.

खेळ सुरू करताना मी चुकीचे बूट घातले, चुकीची रॅकेट घेतली, चुकीच्या वेळेचा स्लॉट वर्षभरासाठी बांधून ठेवला आणि सहाव्या आठवड्यात घोटा मुरगळून घरी बसले. हे सर्व टाळता येण्यासारखे होते. ज्यांनी आयुष्यात रॅकेट धरलेली नाही, किंवा लहानपणी वाड्यात-चाळीत फूल उडवण्यापलीकडे मजल गेलेली नाही, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

१. खेळाआधी आपला आठवडा तपासा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. हा हिशेब जवळपास कोणत्याही खेळाने भरून काढता येतो, म्हणून ‘सर्वांत जास्त उष्मांक कशात जळतात’ हा प्रश्न माझ्या मते पहिला विचारायचा नाही. घरापासून किती मिनिटांवर, किती माणसे जमवावी लागतील, जून ते सप्टेंबर काय करणार, आणि पहिल्याच दिवशी थोडेफार खेळता येईल का, हे चार प्रश्न आधी विचारावेत.

क्रिकेटवर माझे कितीही प्रेम असले तरी नोकरदार बायका-पुरुषांनी आठवड्यातून तीनदा दहा-बारा माणसे मैदानावर जमवणे अशक्य आहे. पोहणे सांध्यांना फार सोयीचे, पण माझ्या घराजवळच्या तलावावर महिलांच्या राखीव वेळा नेमक्या कचेरीच्या वेळेत येत होत्या. धावण्याला कोणी लागत नाही, आणि नेमके त्याचमुळे माझे धावणे बंद पडले. मी आले नाही याची कोणाला खबरच नसे. टेबल टेनिसला जागा कमी लागते, मात्र सुरुवातीचा बराच वेळ चेंडू वेचण्यात जातो. अलीकडे गावोगावी दिसणारे पिकलबॉल (फळीसारख्या बॅटने छिद्रांचा प्लॅस्टिकचा चेंडू नेटपलीकडे मारायचा खेळ) शिकायला सोपे आहे आणि ज्यांना हात डोक्याच्या वर नेताना खांदा दुखतो त्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

बॅडमिंटनच्या बाजूने पारडे झुकले ते साध्या कारणांनी. चार माणसांत एक तास पुरतो, हॉलमध्ये पाऊस येत नाही, आणि अगदी नवखा माणूसही पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा शटल, म्हणजे फूल, नेटपलीकडे पाठवू शकतो, त्यामुळे तो दुसऱ्या दिवशी परत येतो. शिवाय हा खेळ आपल्या अंगणातला आहे. पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८७३ च्या सुमारास त्याचे सुरुवातीचे नियम बांधले असे मानले जाते आणि काही काळ या खेळाला ‘पूना’ असेच म्हणत. पुढे इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायरमधील बॅडमिंटन हाउसवरून आजचे नाव रूढ झाले. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये मलायात (आजच्या मलेशियात) सेलांगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. गुडघ्याचा सांधा झिजलेला असेल, गुडघ्यातला अस्थिबंध पूर्वी तुटलेला असेल किंवा वजन फार जास्त असेल, तर बॅडमिंटनमधले अचानक थांबणे आणि पुढे झेपावणे तुम्हाला जड जाईल. अशांनी आधी चालणे किंवा पोहणे निवडावे आणि अस्थिरोगतज्ज्ञाने होकार दिल्यावरच कोर्टावर यावे.

२. डॉक्टरांकडे एकदा जाऊन या

बॅडमिंटनमध्ये नाडी एकसारखी चढत नाही. दहा-पंधरा सेकंदांची रॅली, म्हणजे शटलची सलग देवाणघेवाण, होते, नाडी उसळते, मग शटल उचलून आणेपर्यंत ती जरा खाली येते आणि पुन्हा उसळते. वर्षानुवर्षे बैठे काम केलेल्या माणसाने थेट या चढउतारात उडी घेऊ नये. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, साखर किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर खेळ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना ‘मी बॅडमिंटन खेळणार आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगा; नुसते ‘व्यायाम करू का’ असे विचारले की उत्तर ‘करा की’ असेच मिळते. साखरेच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर खेळताना एकदम उतरू शकते, म्हणून गोळीची वेळ आणि खेळण्याआधीचे खाणे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

डॉक्टरांकडून तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र त्याच भेटीत लिहून घ्या, ते पुढे लागते. त्यानंतर तीन आठवडे रोज अर्धा तास भरभर चालावे. हा टप्पा मला वेळकाढूपणा वाटला होता, म्हणून मी तो गाळला, आणि पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या आखडल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागत होता.

३. हॉल निवडताना डोळे वर, खाली आणि भिंतीकडे फिरवा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रेषा आखलेल्या असतील तर मुलांसाठी ठीक आहे, पण तुमच्या नियमित व्यायामाचा पाया त्यावर घालू नका. शटलचे वजन जेमतेम ५ ग्रॅम असते आणि मोकळ्या हवेत ती कुठेही वाहवत जाते. शिवाय सिमेंट आणि पेव्हर ब्लॉकवर उड्या मारून गुडघे आणि टाचा दुखतात त्या वेगळ्याच.

बंदिस्त हॉलमध्ये गेल्यावर प्रथम जमीन पाहावी. लाकडी जमीन आणि तिच्यावर रबरासारखा हिरवा मॅट ही उत्तम रचना. मॅट थेट सिमेंटवर अंथरलेला असेल तर टाच आपटून पाहा, फरक लगेच कळतो. मॅटच्या जोडावर चिकटपट्टी सुटलेली असेल तर तिथे पाय अडकतो. मग वर पाहावे: दिवे कोर्टाच्या बरोबर डोक्यावर असले तर उंच आलेली शटल प्रकाशात हरवते, ते बाजूंनी लावलेले असावेत. भिंत पांढरी असेल तर पांढरी शटल दिसत नाही, गडद रंगाची भिंत बरी. कोर्टाची मापे एकदा ओळखून घ्या, कारण काही ठिकाणी जागा वाचवण्यासाठी कोर्टे दाटीने बसवलेली असतात: लांबी १३.४ मीटर, दुहेरीची रुंदी ६.१ मीटर, आणि मागच्या रेषेनंतर निदान दोन पावले मोकळी जागा हवीच.

हॉल साधारण तीन प्रकारचे असतात. महापालिकेचे किंवा सरकारी क्रीडासंकुलातले हॉल स्वस्त असतात, पण तिथे सकाळचे स्लॉट वर्षानुवर्षांच्या गटांकडे असतात आणि अर्ज करून वाट पाहावी लागते. जिमखाने आणि क्लब यांचे सभासदत्व महाग, मात्र तिथे जोडीदार आपोआप मिळतात. खासगी हॉल ‘प्लेओ’सारख्या अ‍ॅपवरून तासाच्या हिशेबाने मिळतात, माझ्या भागात तो दर ताशी तीनशे ते सहाशे रुपये आहे आणि दुपारी तो बराच उतरतो. चौघांत वाटला की दर माणशी रक्कम एका मिसळीपेक्षा फार जास्त होत नाही.

मासिक किंवा वार्षिक नोंदणीसाठी सहसा पुढील कागदपत्रे मागतात:

- आधार कार्डाची छायाप्रत आणि पत्त्याचा पुरावा
- पासपोर्ट आकाराची दोन छायाचित्रे
- डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र
- संकटसमयी कळवायच्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक
- ज्येष्ठ नागरिक किंवा विद्यार्थी सवलत हवी असल्यास त्याचा पुरावा

आता माझी चूक. एका खासगी हॉलने वार्षिक नोंदणीवर दोन महिने फुकट देऊ केले आणि मी सायंकाळी सात ते आठचा स्लॉट वर्षासाठी घेतला. सात वाजता मी रोज पुलावरच्या वाहतुकीत अडकलेली असे. पैसे परत मिळण्याविषयी पावतीच्या मागे बारीक अक्षरांत एकच वाक्य होते आणि ते माझ्या बाजूचे नव्हते. म्हणून पहिला महिना तासाच्या हिशेबाने वेगवेगळ्या वेळी खेळून पाहा, त्यातली कोणती वेळ खरोखर पाळली गेली ते दिनदर्शिकेवर खूण करून तपासा आणि मगच महिन्याचे पैसे भरा. वर्षाचे तूर्तास भरूच नका.

४. साहित्य: आधी बूट, मग शटल, शेवटी रॅकेट

नवखा माणूस दुकानात शिरतो तो थेट रॅकेटच्या भिंतीकडे जातो. मीही तेच केले आणि पायात धावण्याचे जुने बूट तसेच ठेवले. धावण्याच्या बुटांचा तळ जाड, मऊ आणि टाचेकडे उंच असतो, कारण ते सरळ पुढे जाण्यासाठी घडवलेले असतात. बॅडमिंटनमध्ये बरीच हालचाल आडवी आणि तिरपी असते. आडव्या पावलावर तो उंच तळ कलंडतो आणि घोटा आत वळतो. माझ्या घोट्याचे तसेच झाले. बॅडमिंटनचे बूट तळाला सपाट, बाजूंनी घट्ट आणि खाली पिवळसर गम रबराचे असतात, मॅटवर काळे डागही पाडत नाहीत. ‘नॉन-मार्किंग’ बूट नसतील तर बहुतेक हॉलमध्ये आत सोडत नाहीत. बूट सायंकाळी, मोजे घालून विकत घ्यावेत, आणि पुढे अर्धे बोट जागा ठेवावी, नाहीतर अचानक थांबताना अंगठ्याचे नख काळेनिळे होते. हे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत. हॉलच्या दाराशी बदलायचे, म्हणजे तळाला माती लागत नाही आणि पकड टिकते.

शटलचे दोन प्रकार. पिसांची शटल सोळा पिसांची असते आणि तिच्या बुडाशी बूच असते. तिचे उडणे फार देखणे असते. पण नवख्याचा फटका वारंवार रॅकेटच्या चौकटीवर बसतो, त्यात पिसे मोडतात आणि तासाभरात दोन-तीन शटल खलास होतात. पहिले सहा महिने नायलॉनच खेळा. सहा नगांचा चांगला डबा हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि चौघांच्या गटाला बरेच आठवडे पुरतो. नायलॉन शटलच्या बुचाभोवती रंगीत पट्टी असते: हिरवी मंद, निळी मध्यम, लाल जलद. उष्ण आणि विरळ हवेत शटल लांब जाते, आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे तो परिणाम थोडा अधिकच जाणवतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये हिरवी, एरवी निळी, आणि लाल पट्टीची घेऊच नये. पुढे पिसांवर गेलात तर आदल्या रात्री डब्याची दोन्ही टोके उघडून त्यातून किटलीची वाफ काही सेकंद जाऊ द्यावी. पिसे नरम राहतात आणि कोरड्या हवेत लवकर मोडत नाहीत.

रॅकेटविषयी सर्वांत जास्त सल्ले मिळतात आणि त्यांतले बहुतेक तुमच्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेल्या खेळाडूंना लागू असतात. वजनाची खूण दांड्याच्या बुडाशी असते: ‘फोर-यू’ म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, ‘फाइव्ह-यू’ म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम. नवख्यांना यांपैकी कोणतीही चालेल. डोक्याकडे जड असलेली रॅकेट स्मॅशसाठी, म्हणजे वरून खाली जोरात मारायच्या फटक्यासाठी, घेतात, ती तुम्हाला नको; समतोल असलेली मागा. दांडा आणि चौकट यांच्या जोडावर इंग्रजी टी अक्षरासारखा धातूचा तुकडा दिसला तर ती अ‍ॅल्युमिनियमची जड रॅकेट आहे, ती मुलांच्या उन्हाळी सुटीपुरती बरी. पूर्ण ग्रॅफाइटची साधी रॅकेट दोन हजारांच्या आतबाहेर मिळते आणि दोन वर्षे सहज पुरते. त्याहून महाग घेऊ नका, कारण दुहेरीत पहिल्या महिन्यातच ती पार्टनरच्या रॅकेटवर आपटणार आहे.

गटिंग, म्हणजे तारांचा ताण, हा भाग दुकानदार घाईत उरकतो. कारखान्यातून आलेल्या तारा बहुधा ढिल्या असतात. नवख्याने २० ते २२ पाउंडांवर गटिंग करून घ्यावे आणि जाडसर तार मागावी. दूरचित्रवाणीवरचे खेळाडू तीस पाउंडांवर खेळतात म्हणून एका उत्साही विक्रेत्याने मला २७ सुचवले होते; त्या ताणावर तारेचा नेमका मधला ठिपका सापडला नाही तर फटक्याचा सगळा धक्का कोपराला बसतो. मूठ हाताला जाड वाटत असेल तर मूळचे आवरण काढून पातळ ग्रिप गुंडाळावी, घामाच्या दिवसांत ती महिन्याला बदलावी.

उरलेले साहित्य: छोटा टॉवेल, लिटरभर पाणी, बदलायला टी-शर्ट, केळे, आणि महिलांसाठी चांगल्या आधाराची स्पोर्ट्स ब्रा. ही शेवटची वस्तू कोणी मोठ्याने सांगत नाही म्हणून अनेक मैत्रिणींनी पहिल्या आठवड्यातच खेळ सोडलेला मी पाहिला आहे.

५. माणसे जमवणे

चारांना खेळता येते म्हणून चौघांचा गट करू नका. एकजण परगावी जातो, एकाच्या मुलाची परीक्षा असते, आणि उरलेले दोघे अर्ध्या तासात दमून घरी जातात. सहाजणांचा गट सर्वांत टिकाऊ. त्यात गणितही पाहावे लागते: एका कोर्टावर एका तासात सहाजण आळीपाळीने खेळले तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस मिनिटे येतात, आठ झाले की तीसच. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे म्हणजे १२०, आणि उरलेली तीस मिनिटे चालून भरावी लागतात. ‘तीन तास बॅडमिंटन खेळतो’ असे सांगणाऱ्याने बाकावर बसलेला वेळही त्यात धरलेला असतो.

गट नसेल तर ठरलेल्या हॉलवर त्याच वेळी आठवडाभर जात राहा आणि ‘एखादी जागा रिकामी असली तर मला सांगाल का’ असे सरळ विचारा. सकाळच्या गटांत एक जागा केव्हा ना केव्हा रिकामी असतेच. मात्र आपण नवखे आहोत हे आधीच सांगावे, शटलचा खर्च पहिल्या दिवसापासून वाटून घ्यावा, आणि शेजारच्या कोर्टावर रॅली चालू असताना मधून चालत जाऊ नये. रेषेच्या बाबतीत संशय आला तर पॉइंट समोरच्याला द्यावा किंवा पुन्हा खेळावा.

महिलांना एक अनुभव हमखास येतो. मी पहिल्यांदा एका मिश्र गटात गेले तेव्हा मला सांगण्यात आले, ‘वहिनी, तुम्ही नेटपाशी उभ्या राहा, बाकीचे आम्ही बघतो.’ मी महिनाभर नेटपाशी उभी राहिले आणि त्या महिन्यात माझ्या घामाने टी-शर्टसुद्धा भिजला नाही. शेवटी गटातले सर्वांत ज्येष्ठ, निवृत्त बँक अधिकारी असलेले काका एके दिवशी म्हणाले, ‘आज तुम्ही मागे, मी पुढे. माझ्या गुडघ्याला तेवढीच विश्रांती.’ त्या दिवशी मी अकरा पॉइंट घालवले आणि पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दमले. तेव्हा सांगणारे काका भेटण्याची वाट पाहू नका. ‘मी मागेही खेळणार’ हे पहिल्याच दिवशी बोलून टाका.

६. पहिले आठ आठवडे काय शिकावे

शक्य असेल तर आठ-दहा सत्रे प्रशिक्षकाकडे शिका. हाताला चुकीची सवय लागली की ती काढायला दुप्पट वेळ लागतो, आणि प्रौढांना शिकवणारे प्रशिक्षक आता बऱ्याच हॉलवर मिळतात. आपल्याला स्पर्धा खेळायची नसून नियमित आणि दुखापतीशिवाय खेळायचे आहे, हे प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा.

पहिल्या दोन आठवड्यांत पकड आणि सर्व्हिस. रॅकेट तव्याच्या दांड्यासारखी धरणे ही आपली सार्वत्रिक चूक आहे. समोरच्या माणसाशी हस्तांदोलन करावे तशी ती धरायची, अंगठा आणि तर्जनी यांच्यात इंग्रजी व्ही आकार दिसला पाहिजे, आणि फटक्याच्या क्षणापर्यंत मूठ सैल राहिली पाहिजे. मुठीत चिमणीचे पिल्लू आहे असे समजा, असे माझे प्रशिक्षक सांगत. फटक्याच्या वेळी त्या पिल्लाचे काय होते हे मी त्यांना कधी विचारले नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उंच टॉस, म्हणजे शटल मागच्या रेषेपर्यंत पोचवणे. हा फटका साधला की खेळ लांबतो आणि व्यायाम खऱ्या अर्थाने सुरू होतो. सर्वांना स्मॅशची घाई असते. ती दोन महिने आवरावी, कारण खांदा तयार नसताना मारलेल्या स्मॅशने शटल नेटमध्ये जाते आणि खांदा दवाखान्यात. पुढे ड्रॉप, म्हणजे शटल नेटजवळ अलगद टाकणे, आणि पायांची हालचाल. फटका मारला की कोर्टाच्या मध्याकडे परत येणे ही एवढीच गोष्ट अंगवळणी पडली, तरी तुम्ही गटातल्या निम्म्या लोकांच्या पुढे जाल.

नियम थोडक्यात असे. २००६ पासून प्रत्येक रॅलीला पॉइंट मिळतो, गेम २१ चा, आणि २०-२० झाल्यास दोन गुणांची आघाडी लागते. २९-२९ झाले तर तिसावा पॉइंट घेणारा जिंकतो. आपला गुण सम असेल तर सर्व्हिस उजव्या चौकटीतून, विषम असेल तर डाव्या चौकटीतून, आणि नेहमी तिरपी. नवख्यांचा गोंधळ रेषांवरून होतो: एकेरीत सर्व्हिसची चौकट अरुंद पण लांब, दुहेरीत रुंद पण आखूड. दुहेरीत सर्व्हिस झाल्यानंतर मात्र सगळे कोर्ट खुले होते.

खेळण्याआधी दहा मिनिटे अंग तापवणे गाळू नका: जागच्या जागी धावणे, घोटे आणि खांदे फिरवणे, बाजूला सरकत जाणे, पाच-सहा वेळा पाय पुढे टाकून झुकणे. शेवटी पोटरी, मांडी आणि खांदा ताणावेत. स्लॉट सहाचा असेल तर हॉलवर पावणेसहाला पोचावे, कारण सहाला पोचलेला माणूस वॉर्मअप करत नाही, थेट सर्व्हिस मागतो.

७. दुखले तर

पहिल्या पंधरा दिवसांत मांड्या, पोटऱ्या आणि रॅकेटचा खांदा दुखणारच. ते दोन-तीन दिवसांत ओसरते. सांध्यात, एकाच बिंदूवर, प्रत्येक वेळी दुखणे ही वेगळी गोष्ट आहे. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागली तर ताण कमी करून गटिंग करावे, पकड सैल करावी आणि दोन आठवडे थांबावे. टाचेच्या मागच्या जाड शिरेत एकदम कोणी लाथ मारल्यासारखे वाटले आणि पंजावर उभे राहता आले नाही, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे.

घोटा मुरगळला की खेळ तिथेच थांबवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा. आजी हळद-तुरटीचा लेप सुचवील, त्याला हरकत नाही, पण पहिले दोन दिवस तेल चोळून मालिश मुळीच करू देऊ नका, सूज वाढते. चार पावले टाकता येत नसतील तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. मी ‘होईल बरे’ म्हणत दहाव्या दिवशी पुन्हा खेळायला गेले आणि तोच घोटा दुसऱ्यांदा वळवून घेतला. तीन आठवड्यांचे दुखणे अडीच महिन्यांचे झाले. परतण्याआधी एका पायावर अर्धा मिनिट न डगमगता उभे राहता येते का, ते पाहावे.

दुहेरीत नेटपाशी असताना मागे वळून पार्टनरकडे पाहू नका. त्याच्या फटक्याची शटल सरळ डोळ्यावर येते. चष्मा असेल तर काच नव्हे, न फुटणारे भिंग वापरावे. आणि छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, अकारण घाम किंवा गरगरणे यांपैकी काहीही झाले, तर ‘हा गेम संपवतो’ म्हणू नका.

८. तीन महिन्यांनंतर

वजनाच्या काट्यावर भरवसा ठेवू नका, निदान खेळून झाल्यावर गटासोबत मिसळ खाणे चालू असेपर्यंत तरी. मी एका वहीत तीनच नोंदी ठेवते: महिन्यात किती दिवस गेले, सलग किती मिनिटे खेळल्यावर धाप लागली, आणि दुसऱ्या दिवशी काय दुखले. पहिल्या महिन्यात मी बारापैकी सात दिवस गेले होते, घोटा बरा झाल्यावर एका महिन्यात अकरा. सहा महिन्यांनी साखरेचा आकडा ५.८ आला. त्यात रात्रीचा भात निम्म्यावर आणल्याचाही वाटा होता.

खेळ बसला की आठवड्यातून दोन दिवस वीस मिनिटे बळाचे व्यायाम जोडावेत: खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पंजांवर उभे राहणे, प्लँक. बॅडमिंटनने उजवा हात आणि उजवा पाय अधिक राबतो, तो फरक याने थोडा भरून निघतो.

हॉल वर्षभर तुमच्यासाठी मोकळा राहत नाही हेही ध्यानात ठेवावे. मे महिन्यात मुलांची शिबिरे लागतात, मधूनमधून स्पर्धांसाठी आठवडाभर कोर्टे बंद असतात, गणपतीत निम्मा गट गावी असतो. घोट्याची दुखापत सोडली तर माझा पहिला मोठा खंड अशाच एका आठवड्याने पडला आणि तो पुढे सहा आठवडे लांबला. आता हॉल बंद असल्याची सूचना लागली की आमच्यातली एकजण त्याच दिवशी दुसऱ्या हॉलचा एक तास आरक्षित करते आणि गटावर नावे मागवते. तेही जमले नाही तर त्याच वारी, त्याच वेळी, सगळ्यांनी टेकडीच्या पायथ्याशी भेटायचे असे ठरले आहे, आणि जो येणार नाही त्याने शटलच्या पुढच्या डब्याचे पैसे भरायचे.